मी न दिलेल्या भेटी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात ताईत, अंगारा, नजर काढणं यातलं काही नव्हतं. मी ख्रिस्ती आहे. माझे बाबा प्रचारक होते, गावोगाव सायकलवर फिरून प्रार्थनासभा घ्यायचे. आणि तरीही — किंवा त्यामुळेच म्हणा — चर्चमध्ये कुणी उठून ‘मला दर्शन झालं’ वगैरे सांगायला लागलं की मी मान खाली घालून घड्याळ बघायचो. या ग्रूपवर दोन वर्षं नुसता वाचतोय. बऱ्याच अनुभवांवर मनातल्या मनात हसलोही आहे, त्याबद्दल माफी असावी. आज स्वतः लिहायला बसलोय आणि हात चालत नाहीये.

नावं बदललीत. चर्चचं नाव देणार नाही. बाकी जसं घडलं तसं.

मी बावन्न वर्षांचा आहे, विनय म्हणा. मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघतो. राहायला बिबवेवाडीत. आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना रविवारी उपासनेला येता येत नाही, त्यांची घरं आम्हा पाच-सहा जणांना वाटून दिलेली असतात. आठवड्यातून एकदा जायचं, अर्धा तास बसायचं, बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा, प्रार्थना करायची. आणि रविवारी उपासना संपताना उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं — अमुक घरी भेट दिली, प्रार्थना केली. त्यावर मंडळी म्हणते, आमेन.

मागच्या वर्षी माझ्या वाट्याला एकच घर आलं. हन्नाबाईंचं. वय ब्याऐंशी. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स, त्यामुळे सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. खुब्याचं हाड मोडलं, हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन केलं नाही, तेव्हापासून पलंगावर. पण डोकं एकदम शाबूत. पेपरातलं शब्दकोडं रोज पेनानं सोडवतात, पेन्सिलनं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे उपयोगी पडेल. राहतात बिबवेवाडीतच, माझ्यापासून चालत दहा मिनिटं, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सून रजनी शाळेत शिक्षिका, साडेपाचला येते. दुपारी सिस्टर एकट्याच असतात, म्हणून दार नुसतं ओढून घेतलेलं असतं आणि शेजारचे जोशीकाका लक्ष ठेवतात.

गुरुवार ठरला, दुपारी साडेतीनची वेळ. आमच्याकडे गाड्या भरायचं काम संध्याकाळी सुरू होतं, त्यामुळे मालकांनी दोन तासांची सूट दिली होती.

पहिल्या गुरुवारी मी गेलो. खरंच गेलो. दार ढकललं आणि डेटॉल, पावडर, बंद खोली असा एकत्र वास आला... मी तिथेच थांबलो. सिस्टर म्हणाल्या, “या की. आजारी मी आहे, घाम तुम्हाला का फुटला?” कसाबसा दहा मिनिटं बसलो. एक स्तोत्र वाचलं. प्रार्थना अर्धीच झाली आणि ‘आमेन’ म्हणून मी उठलो.

त्या वासाचं कारण मला माहीत होतं. ते इथे लिहायला लागणारच आहे, पण जरा थांबा.

दुसऱ्या गुरुवारी बिल्डिंगच्या गेटपर्यंत गेलो आणि परत फिरलो. जवळ एक बाग आहे, तिथल्या बाकावर बसलो. डोळे मिटून सिस्टरांसाठी प्रार्थना केली. मनात म्हटलं, देवाला अंतर आहे का? इथून केली काय आणि तिथून केली काय. रविवारी उभा राहिलो. “गुरुवारी सिस्टरांना भेट दिली, प्रार्थना केली.” मंडळी म्हणाली, आमेन.

इतकं सोपं होतं ते.

तिसऱ्या गुरुवारी बागेत बसलो. चौथ्या गुरुवारी बागेतही प्रार्थना केली नाही, मोबाइल बघत बसलो. आणि मग दर रविवारी तेच वाक्य. चार महिने! चार महिन्यांत मी एकदाच त्या घरात गेलो होतो, पहिल्या गुरुवारी. एकदाही कुणी शंका घेतली नाही. प्रत्येक ‘आमेन’ला मी चटकन खाली बसायचो, आणि घरी जेवायला बसेपर्यंत विसरलेलो असायचो.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, मला उपासनेनंतर थांबवून घेतलं. आमचे पाळकसाहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान, फार न बोलणारे. म्हणाले, “विनयभाऊ, कमिटीनं तुमचं नाव एल्डरसाठी घेतलंय. तीन आठवड्यांनी हस्तार्पण.”

इतरांसाठी सांगतो. एल्डर म्हणजे मंडळीचा जबाबदार माणूस. हस्तार्पण म्हणजे तो गुडघे टेकतो आणि पाळक आणि बाकीचे एल्डर त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला या कामासाठी वेगळा करतात. ही नेमणूक नव्हे. आम्ही त्याला पाचारण म्हणतो, देवानं नाव घेऊन बोलावणं. माझ्या बाबांनी मी पाळण्यात असतानाच सांगून टाकलं होतं की हा पोरगा देवाच्या कामासाठी दिलाय. पन्नास वर्षं मी त्या वाक्यापासून पळत होतो.

मी म्हटलं, “साहेब, माझ्यात काय बघितलं तुम्ही?”

“मी कशाला बघू? सिस्टरांनी सांगितलं. मागच्या आठवड्यात प्रभुभोजनाची भाकर द्यायला गेलो होतो त्यांच्याकडे. म्हणाल्या, इतक्या वर्षांत असा माणूस घरी आला नाही. एक गुरुवार चुकवला नाही म्हणे तुम्ही.”

मला वाटलं, सिस्टर टोमणा मारतायत. त्यांना सगळं ठाऊक आहे आणि त्यांनी पाळकसाहेबांकडून मला हा निरोप पाठवलाय. माझे कान तापले. मी “बघू” म्हणून सटकलो.

बाहेर रजनी स्कूटर काढत होती. मला बघून थांबली. “दादा, थँक यू हं. मला सांगायलाच लाज वाटत होती, पण आईंच्या पायाची नखं... त्या मला हात लावू देत नाहीत. मोलकरणीलाही नाही. तुम्हाला कसा लावू दिला कोण जाणे. इतकी व्यवस्थित कापलीत! कागदात बांधून ठेवलेलीसुद्धा सापडली मला.”

मी विचारलं, “कधी?”

“म्हणजे काय? परवाच्या गुरुवारी.”

परवाच्या गुरुवारी मी खडकवासल्याला होतो. ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता, धरणाच्या अलीकडे एका लॉनवर. दुपारी साडेतीनला आम्ही जेवत होतो. माझ्याकडे फोटो आहे — मी, हातात पानाचा विडा, मागे मंडप. फोनवर फोटोची वेळ दिसते. तीन एकोणचाळीस.

त्या दिवसापासून माझी झोप गेली.

तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून बघितलं. चर्चमधलं दुसरं कुणीतरी जात असेल. मी एकेकाला आडून विचारलं. सगळ्यांची आपापली घरं होती, आणि सिस्टरांकडे कुणी गेलंच नव्हतं, कारण ‘तुम्ही जाताय ना’. सिस्टरांना भास होत असतील? पण नखं कुणी भासानं कापत नाही. कुणी भामटा घरात शिरत असेल? ही शंका आली तेव्हा मला खरंच धडकी भरली. दार उघडं, म्हातारी एकटी, आणि कुणीतरी माझं नाव सांगून येऊन बसतंय! पण चार महिन्यांत घरातली एक वाटी हललेली नव्हती. शिवाय पहिल्या भेटीत सिस्टरांनी मला चांगलं पाहिलं होतं. माझ्या उजव्या भुवईवर जुनी खोक आहे, तीसुद्धा विचारली होती.

बायकोला सांगायचं तर आधी बागेतल्या बाकाचं सांगावं लागलं असतं. ती साडी घ्यायला निघाली होती हस्तार्पणासाठी. नाही सांगितलं.

पुढच्या गुरुवारी मी ठरवलं — बघायचंच. तीन वाजता बिल्डिंगसमोरच्या औषधाच्या दुकानाशी जाऊन उभा राहिलो. आत जायचा रस्ता एकच, समोरचं गेट. मागे भिंत, भिंतीपलीकडे दुसरी सोसायटी. लख्ख ऊन होतं. मी गेटवरून नजर हलवली नाही. तीन वीसला एक कुरियरवाला आत गेला, दोन मिनिटांत बाहेर आला. साडेतीनला शाळेच्या दोन मुली. पावणेचारला भाजीची पिशवी घेऊन एक बाई. बाकी कुणी नाही. सव्वाचारपर्यंत थांबलो. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. कुणी आलं नाही. म्हणजे काहीतरी गैरसमज होता. आता वर जायचं, सिस्टरांची माफी मागायची, संपलं.

मी जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर जोशीकाका, हातात दुधाची पिशवी. पोस्टातून रिटायर झालेले, अंगात बनियन, चष्मा कपाळावर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय हो, विसरलात का काही?”

“कुठे?”

“वर. आत्ताच उतरलात ना? मी दार लावत होतो तेव्हा. बोललातही नाही, म्हटलं घाईत असतील. आणि आता पुन्हा चढताय. आमच्या जिन्यावर व्यायाम फुकट आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी कठडा धरला. “काका, नक्की मीच होतो?”

“अहो, चार महिने बघतोय तुम्हाला. माझे डोळे गेलेत, पण इतके नाही.” मग जरा नरमले. “बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?”

मी नको म्हटलं. तिथून परत फिरता आलं असतं. फिरलो असतो तर बरं झालं असतं, असं अजूनही कधीकधी वाटतं.

दार ढकललं. पलंगाला लागून स्टीलचं स्टूल होतं, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं तिरकं सरकलेलं. सिस्टरांचा चेहरा... मी पहिल्या दिवशी पाहिलेल्या कुरकुऱ्या बाईचा तो चेहरा नव्हता. शांत होत्या. डोळे ओले होते.

“परत आलात?” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी नका काळजी करू. मी रडले ते तुमच्यासाठी.”

मी दाराशीच उभा राहिलो.

“इतकी वर्षं मनात ठेवलंत. मी नर्स आहे हो, अशी माणसं शेकड्यानं पाहिलीत. बाप वर मरतोय आणि पोरगा खाली कॅन्टीनमध्ये बसलाय. चहा गार होतोय आणि तो उठत नाहीये. तुम्ही एकटेच नाही तसे.”

आता ते लिहितो. बाबांचं शेवटचं आजारपण. ससूनही नाही, मोठं हॉस्पिटलही नाही, एक साधा दवाखाना. बाबांनी नर्सकडून निरोप पाठवला होता — विनयला म्हणावं वर ये, मला स्तोत्र वाचून दाखव. मी त्या नर्सला म्हटलं, “आलोच.” आणि खालच्या कॅन्टीनमध्ये चहा समोर घेऊन बसून राहिलो. त्यांच्या तोंडून पुन्हा ‘तू देवाचा आहेस’ हे ऐकायचं नव्हतं मला. आणि तो वास. तासाभरानं वर गेलो तर चादर डोक्यापर्यंत ओढलेली. सगळ्यांना मी सांगितलं की रिक्षा मिळाली नाही म्हणून उशीर झाला. आईला तेच सांगितलं. बायकोला तेच. त्या दुपारबद्दल खरं मी कुणालाही, कधीही, एका माणसालाही सांगितलेलं नव्हतं. प्रार्थनेतसुद्धा नाही.

ते त्या खोलीत, थोड्या वेळापूर्वी, कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या तोंडानं.

मी तसाच खाली आलो. औषधाच्या दुकानापाशी उलटी झाली.

हस्तार्पणाला पंधरा दिवस होते. शनिवारी मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. बाग, रविवारची खोटी वाक्यं, खडकवासल्याचा फोटो, जोशीकाका, बाबा. त्यांच्यासमोर फोनवरचा फोटो ठेवला. ते बराच वेळ फोटो बघत राहिले.

मी म्हटलं, “साहेब, माझं नाव काढा. ज्या भेटींसाठी तुम्ही मला निवडलंत त्या मी दिलेल्याच नाहीत. दुसऱ्या कुणाचं तरी पाचारण मी घेऊन बसलोय.”

“कुणाचं?”

“मला काय माहीत!” मी ओरडलोच. “देवदूत म्हणावं तर मी त्याच्या लायक नाही. आणि दुसरं काही म्हणावं तर... ते सिस्टरांच्या खोलीत जाऊन बसतंय, साहेब.”

ते म्हणाले, “मलाही माहीत नाही. उगाच काहीतरी सांगून तुमचं समाधान करणार नाही. पण सिस्टरांना सांगितलंत का, की तो माणूस तुम्ही नव्हे?”

“नाही.”

“मग मंडळीपुढे कबुली देण्याआधी तिथे जा. त्यांचा विश्वास आधी मोडलाय, माझा नंतर.”

गुरुवारची वाट बघायची माझ्यात हिंमत नव्हती. सोमवारीच गेलो, दुपारी. सिस्टर शब्दकोडं सोडवत होत्या. “आज सोमवार आहे,” म्हणाल्या, “तारीख-वार विसरायला लागलात? ते काम माझं.”

मी स्टुलावर बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. “सिस्टर, मी इथे फक्त पहिल्या गुरुवारी आलो होतो. आणि मागच्या गुरुवारी, सव्वाचारनंतर. मधल्या एकाही गुरुवारी नाही. मी खोटं बोललो सगळ्यांशी.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मला वेड लागलंय असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही. कुणीतरी येत होतं. पण तो मी नव्हे.”

मला वाटलं हसतील, चिडतील. त्या फक्त म्हणाल्या, “हात द्या.”

मी हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं, तीन बोटं बरोबर जागेवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. जुनी सवय. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मग त्यांची बोटं गळून पडली.

“तुमची लागतेय,” त्या हळू म्हणाल्या. “आणि धावतेय.”

“म्हणजे?”

“प्रार्थना करताना ते माझा हात धरायचे. मी सवयीनं नाडी बघायची. एकदाही लागली नाही. मी म्हणायचे, हन्ना, म्हातारी झालीस, बोटं बधिर झाली तुझी...” त्या थांबल्या. “बोटं बरी आहेत माझी.”

खोलीत पंखा चालू होता. खाली रस्त्यावर भंगारवाल्याचा आवाज. भर दुपार. मी पहिल्यांदाच सिस्टरांना घाबरलेलं पाहिलं. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि दाराकडे बघितलं, मग स्टुलाकडे.

मग त्यांनी विचारलं, “आता ते यायचे नाहीत का?”

“माहीत नाही.”

“तुम्ही सांगितलं नसतंत तर चाललं नसतं का?”

मी माझं मन हलकं करायला गेलो होतो. आणि ज्या बाईला चार महिने कुणीतरी सोबत करत होतं, तिला मी एका मिनिटात भीती देऊन बसलो. पाळकसाहेबांनी पाठवलं म्हणून गेलो हे खरं. पण सांगताना मला सुटल्यासारखं वाटत होतं, हेही खरं.

त्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहून भेटींबद्दल कबूल केलं. बाकीचं सांगितलं नाही, फक्त खोटं बोललो तेवढंच. त्या वाक्यावर कुणी आमेन म्हणालं नाही. पुढच्या रविवारी हस्तार्पण दुसऱ्या एकाचं झालं. बायको आठ दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली ती आधी बाबांबद्दलच. तेही मी तिला सांगितलं होतं.

सिस्टरांकडे तो पुन्हा आला नाही. जोशीकाकांनाही दिसला नाही. मी दर गुरुवारी जातो. आता खरंच जातो. वासाची सवय झालेली नाही, अजून जिन्यात पाय जड होतात. सिस्टर माझ्यावर खूश नाहीत. वाचताना मी घाई करतो म्हणतात. प्रार्थना लांबवतो म्हणतात. एकदा तर सरळ म्हणाल्या, “ते कमी बोलायचे. तुम्ही स्वतःबद्दलच फार बोलता देवाशी.” पण मागच्या महिन्यात मला ताप होता, तर रजनीकडून निरोप आला — काय झालंय ते सांगा, आणि येणार नसाल तर तसं कळवत जा, मी दाराकडे बघत बसते.

जोशीकाकांना मी एकदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ख्रिस्ती लोकांतही असलं असतं का? मला वाटलं हे आमच्याकडेच.” मग म्हणाले, “जिन्यात त्याला मी वाट दिली होती हो. माझ्या अगदी जवळून गेला. खोकसुद्धा होती भुवईवर.”

मी डॉक्टरांना विचारलं, एका मानसोपचारवाल्यांनाही. त्यांचं म्हणणं, मी स्वतःच जात असेन आणि अपराधीपणामुळे विसरत असेन. मग मी त्यांना खडकवासल्याचा फोटो दाखवला. ते म्हणाले, बघू, पुढच्या वेळी बोलू. मी पुढच्या वेळी गेलो नाही. तो कोण होता, देवाकडून होता की नव्हता, चांगला होता तर त्याला नाडी का नव्हती आणि वाईट होता तर एका पडलेल्या म्हातारीची नखं का कापत होता... मला खरंच काही कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर सांगा. पण उगाच बरं वाटावं म्हणून सांगू नका.

आज हे लिहायचं कारण वेगळं आहे. कमिटीनं यंदा पुन्हा माझं नाव घेतलंय. सगळं माहीत असूनही. पाळकसाहेबांनी विचारलं, मी म्हटलं, मी लायक नाही. ते म्हणाले, “ते मी विचारलंच नाही. उद्या उपासनेत तुमचं नाव पुकारणार. उभं राहायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

काल रात्रीपर्यंत माझं ठरलं होतं की उद्या चर्चला जायचंच नाही. तब्येतीचं कारण सांगायचं. मग आज सकाळी दाढी करताना आरशात बघत असताना एक विचार आला, आणि वस्तरा खाली ठेवून मी बेसिनला धरून उभा राहिलो.

मी जिथे जायला हवं होतं तिथे गेलो नाही, तेव्हा माझ्याऐवजी कुणीतरी गेलं होतं. उद्या माझं नाव पुकारलं आणि मी तिथे नसलो... आणि तरीही कुणीतरी उभं राहिलं तर?

म्हणून मी जाणार आहे. लायक झालो म्हणून नाही. ती जागा रिकामी ठेवायची मला भीती वाटते.